आधी पाठ, मग पोट

कळंब, जि. यवतमाळ
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. निखिल,

तू पाठवलेली यादी आणि फोटो पाहिले. फोनवर सांगितलेलं तू एका कानानं ऐकतोस, म्हणून कागदावर लिहितो आहे. डिसेंबरच्या शेवटी तुम्ही चौघं रतनवाडीहून रतनगड चढणार, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठणार. आणि मे महिन्यात यूथ हॉस्टेल्सबरोबर हिमालयातला सार पास. बेत झकास आहे. यादी मात्र मंजूर नाही.

दोन मिनिटांत पाणी उकळणारा स्टोव्ह यादीत पहिला, टायटॅनियमचं पातेलं दुसरं, 'उणे दहा' लिहिलेली स्लीपिंग बॅग तिसरी, आणि अंगाखाली घालायची मॅट सगळ्यात शेवटी, तीही 'पैसे उरले तर'. ही यादी उलटी कर. रात्री एक वेळ चुरमुरे खाऊन राहिलास तर सकाळी चालशील. रात्रभर कुडकुडत बसलास तर दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या उतरणीवर पाय लटपटतील, आणि अपघात असेच होतात.

मॅट आधी का? बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब तुझ्या अंगाची असते. बॅगेतल्या पिसांत किंवा तंतूंत अडकलेली हवा ती धरून ठेवते. तू बॅगेवर पडलास की खालचा थर तुझ्याच वजनानं दबतो, हवा निघून जाते आणि पाठ थेट थंड कातळाला लागते. आपण कापसाच्या तालुक्यातली माणसं. नव्यानं पिंजलेली गादी आणि दहा वर्षं दबलेली गादी यांत काय फरक असतो ते आजीला विचार, ती माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. म्हणून खाली दबणार नाही असं काहीतरी हवं. फोमची घडीची किंवा गुंडाळीची साधी मॅट घे. दिसायला ओंगळ, पाठपिशवीला बाहेर बांधावी लागते, पण तिला भोक पडलं तरी ती मॅटच राहते. हवा भरायची मॅट मऊ खरी. करवंदीचा एक काटा लागला की रात्री दोन वाजता जमिनीवर. शिवाय आत काही भरण नसलेल्या हवेच्या मॅटमध्ये हवा खेळत राहते आणि गारवा वर पोचवते. मॅटवर 'आर' मूल्य लिहिलेलं असतं. जितकं जास्त तितकी जमीन कमी बाधते. एकावर एक दोन मॅट घातल्या तर दोघींच्या मूल्यांची सरळ बेरीज होते. सह्याद्रीत डिसेंबरला फोमची एक पुरते. बर्फावर झोपायचं तर एकीनं भागत नाही.

आता तुझ्या 'उणे दहा'बद्दल. हा आकडा कशाचा, ते विचारलंस का? स्लीपिंग बॅग मोजायची युरोपातली पद्धत आहे, आधी ईएन १३५३७, आता आयएसओ २३५३७. तिच्यात कंफर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. कंफर्ट म्हणजे ज्या थंडीत साधारण बाई आरामात झोपेल ती. लिमिट म्हणजे ज्या थंडीत साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ती. एक्स्ट्रीम म्हणजे जिथे जेमतेम जीव वाचेल, झोप विसर. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बरेचदा हा तिसरा असतो, आणि कितीतरी पिशव्यांवर तर कोणतीच मोजणी न करता नुसता आकडा छापतात. कंफर्टचा आकडा सापडला नाही तर बॅग सोडून दे. हरिश्चंद्रगडावर, १४२४ मीटर उंचीवर, डिसेंबरच्या रात्री पारा एक आकडी होतो आणि वर वारा असतो. थंडी आपल्याला नवी नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला ३.५ अंश झाले होते, तेव्हा तू इथेच दोन ब्लँकेटांत होतास. कंफर्ट ५ अंशांची बॅग, वर लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे, एवढं तुला पुरे. सार पासला तंबू, स्लीपिंग बॅग आणि जेवण यूथ हॉस्टेल्सचंच असतं, त्यामुळे मेच्या नावाखाली महागडी बॅग घेऊ नकोस. पुढे कधी स्वतःच्या बळावर बर्फात गेलास तर मनालीला, ऋषिकेशला भाड्यानं मिळते.

पिसांची की कृत्रिम तंतूंची? पिसांची हलकी, मुठीत मावते, तीस वर्षं टिकते. पण ओली झाली की पिसं चिकटून गोळा होतात आणि ती नुसती चादर उरते. आपल्या घाटावर पहाटे दव पडतं, गुहेच्या छतातून ठिबकतं, आणि तुम्ही चौघं एका तंबूत श्वास सोडणार तो वेगळाच. तुझ्यासाठी कृत्रिम तंतूंची. पाव-अर्धा किलो जास्त उचल.

दुकानात गेलास की बॅग हातात घेऊन दाबून पाहू नकोस; तसं सगळेच करतात आणि त्यातून काही कळत नाही. जमिनीवर पसर, स्वेटर घालून आत शिर, आणि आतून चेन लाव. डोळे मिट, डावा हात वापर. गळ्यापर्यंत आण, पुन्हा खाली ने, दहा वेळा. चेनीच्या आतून कापडाची एक पट्टी जाते, गारवा अडवायला. स्वस्त बॅगेत ती मऊ असते आणि दर वेळी चेनीच्या दातांत अडकते. चांगल्या बॅगेत तिच्या काठाला ताठ फीत शिवलेली असते, धावपट्टी तिला ढकलून पुढे जाते. मग डोक्याची दोरी ओढ, नाक आणि तोंड एवढंच बाहेर राहिलं पाहिजे. पाय ताण, तळव्याला टोक लागलं तर बॅग आखूड आहे. दुकानदार हसेल. हसू दे. रात्री तीनला लघवीला उठून परत आल्यावर अडकलेली चेन सोडवत बसशील तेव्हा तो तिथे नसेल. घरी आल्यावर बॅग कधी खोक्यात दाबून ठेवू नकोस, खुंटीला सैल टांग, नाहीतर वर्षभरात तिचा जीव जातो. आत घालायला आजी जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून देणार आहे. मी सांगून ठेवलं आहे. बॅग मळत नाही, खोळ धुता येते आणि थोडी ऊबही वाढते. झोपताना तोंड बॅगेच्या आत घेऊ नकोस, श्वासाच्या वाफेनं ती आतून ओली होते.

आजी गोधडीही देऊ करेल. पाया पड, पण नेऊ नकोस. सुती गोधडी भिजली की दुप्पट जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. घोंगडीची गोष्ट वेगळी, लोकर ओलसर असली तरी ऊब देते, धनगर काही उगाच ती खांद्यावर टाकून पावसाळा काढत नाहीत. पण वजन बघ. तुझं वजन ६० किलो. पाठीवर १२ च्या वर गेलं तर खिंडीत मला शिव्या देशील.

आता पोट.

आपल्याकडे उघड्यावर रांधणं म्हणजे गौऱ्यांचा हारा, त्यात रोडगे, वर वांग्याची भाजी. तुला वाटतं तेच तिथे तीन दगडांवर करू. करायचं नाही. तुमची वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३० व्या कलमानं अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी डोंगर काळा करते. मुक्काम आणि स्टोव्ह यांचंही आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

स्टोव्ह सगळ्यांत साधा घे, गॅसच्या डब्यावर आट्यांनी बसणारा किंवा नळीनं जोडायचा. चौघांचं पातेलं ठेवायचं असेल तर नळीचाच, तो जमिनीलगत बसतो आणि कलंडत नाही. डबे दोन जातींचे मिळतात. एक लांबोळका, घरगुती पोर्टेबल शेगडीत आडवा घालायचा. दुसरा बुटका, घुमटासारख्या डोक्याचा, आट्यांचा. एकाचा स्टोव्ह दुसऱ्याला लागत नाही, आणि मधला जोड घेऊन जुगाड करू नकोस. लांबोळक्यात बहुधा नुसतं ब्युटेन असतं. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश, म्हणजे त्याच्या जवळपास थंडी आली की ते डब्यात द्रवच राहतं आणि ज्योत मान टाकते. बुटक्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेलं असतं, ते थंडीतही निघतं. वारा अडवलास तर लिटरभर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो. २३० ग्रॅमचा एक डबा आणि एक राखीव, चौघांना पुरतात. ते दोन मिनिटांचं प्रकरण बंद खोलीत, वाऱ्याविना मोजलेलं असतं. आडोसा करताना स्टोव्ह डब्यावरच बसत असेल तर चहूबाजूंनी पत्रा गुंडाळू नकोस, डबा तापून फुटतो. स्टोव्हची स्वतःची ठिणगी ओलाव्यात हमखास रुसते. दोन काडेपेट्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत.

आणि तंबूत स्टोव्ह नाही. थंडी कितीही असो, ऊब घ्यायलाही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले, दारं-खिडक्या बंद. सकाळी आठही गेलेले, त्यांत लहान मुलंही होती. बंद जागेत गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, खोकला येत नाही, जाग येत नाही. हे तुझ्या तिन्ही मित्रांना वाचून दाखव.

टायटॅनियम नको. हलकं आहे, पण आच एका जागी धरतं आणि भात खाली करपून वर कच्चा राहतो. मामीकडचं तीन लिटरचं जर्मनचं पातेलं घेऊन जा, झाकण आणि सांडशीसकट. पातेल्यात मॅटचा कापलेला तुकडा गोल बसवलास तर भांडं वाजत नाही, आणि गॅस बंद करून खिचडी त्यातच गुंडाळून ठेवता येते, आपोआप शिजते. मुगाची डाळ आणि तांदूळ चालतानाच बाटलीत भिजत टाकायचे. उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून खूश होऊ नकोस. हरिश्चंद्रगडावर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि सार पासच्या उंचीवर ८६ च्या, त्यामुळे तुरीची डाळ तासभर उकळूनही टणक राहते. तिकडच्या स्वयंपाकघरात कुकर असतो तो त्याचसाठी. सकाळी शिजवायचंच नाही: सातूचं पीठ, गूळ, पाणी. पहिल्या दिवसाला दशम्या. पाचनईत आणि गडावर गावकरी झुणका-भाकर करून देतात, ती आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि भावात घासाघीस करू नका. म्हणजे तुम्हाला खरं तर दोनच रात्रींचं रांधायचं आहे, त्यासाठी चार हजारांचा स्टोव्ह कशाला?

कोणतीही वस्तू पहिल्यांदा डोंगरात उघडायची नाही. दिवाळीला येशील तेव्हा सगळं घेऊन ये. एक रात्र स्लॅबवर मॅट आणि बॅगेत झोप, पहाटे पाठ काय म्हणते ते बघ. स्टोव्ह चक्रवती नदीच्या काठी उघड्यावर, वारा असेल तेव्हा लावू, गॅस मी इथे बघून ठेवतो. अंधारात, टॉर्च तोंडात धरून, तुला तो जोडता आला पाहिजे. जोडल्यावर आट्यांवर साबणाचं पाणी लाव. फुगा आला तर गळतो आहे, परत दे. दुकानाची पावती जपून ठेव.

मामीनं तुझ्या खात्यात पैसे पाठवले आहेत. मॅट आणि बॅगेला पुरतील. स्टोव्ह चौघांत एकच घ्या, वर्गणी काढून.

तुझा,
मामा

ता. क. : आता वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे येते, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणून दिवाळीला तू पुण्याहून सगळा प्रवास गाडीनंच करशील. गॅसचा डबा बरोबर आणायचा नाही, बॅगेत लपवूनही नाही. रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते राहू दे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत यात्रेकरूंच्या उभ्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरवर चहा करताना आग लागली आणि नऊ माणसं गेली. डिसेंबरचे गॅसचे डबे पुण्यातच घ्या आणि रतनवाडीला तुमच्या जीपमधून न्या. एसटीतही ते चालत नाहीत.