पाणी आडवंही पसरतं

बदलापूरच्या उल्हासकाठच्या एका प्लॉटचं पुराचं मॉडेल मी खरवईच्या घरी बसून केलं. काम ज्यांच्यामार्फत आलं, त्या सल्लागारांना अहवालाची घाई. "वन-डी करून टाका. क्लायंटला निळी पूररेषा हवीय, सिनेमा नको."

मी मेलवर विरोध नोंदवला. वन-डीत पाणी एका छेदाकडून पुढच्या छेदाकडे सरकतं आणि त्या अख्ख्या छेदावर पातळी एकच धरली जाते. बदलापूर-वांगणी पट्ट्यात उल्हास पात्र सोडते, भातखाचरांत पसरते, रुळांच्या भरावाला अडते, मोऱ्या शोधते. इथे पाणी आडवंही पसरू देणारं टू-डीच हवं. खर्चाची सबबही नव्हती. हेक-रास हे पुराच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०१६पासून त्यात टू-डी आहे. उत्तर आलं नाही. शेवटी वन-डीच करून दिलं.

२७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पाणी जरा उतरल्यावर मी भरावावर उभा राहिलो. दोन्ही बाजूंना पातळी वेगळी! माझ्या मॉडेलच्या नकाशात ती एकच होती, आणि नकाशात कोरडा असलेला प्लॉट पाण्यात होता. पुढच्या बैठकीत सल्लागार सगळ्यांसमोर म्हणाले, "मॉडेल यांचं." मी मेल उघडून समोर धरला. "मग तेव्हा जोर का नाही लावलात?" हे त्यांचं उत्तर. अजून डोकं तापतं.

नव्याने हे काम करणाऱ्यांनी आधी नदीकाठी चालून यावं. पाणी खोल, अरुंद पात्रातच राहत असेल, तर वन-डी पुरतं आणि झटपट होतं. पसरत असेल, तर टू-डी. भरावांवर ब्रेकलाइन, म्हणजे जाळीच्या कडा भरावाच्या माथ्यावर बसवणारी रेषा, टाकाच. नाहीतर मॉडेलच्या जाळीच्या मोठ्या चौकटीतून पाणी भरावापलीकडे झिरपल्यासारखं दिसतं. उपग्रहाच्या ३० मीटरच्या फुकट उंचीनकाशावर पूररेषा आखू नका. तो झाडांचे शेंडे आणि छपरंही जमिनीत मोजतो, चूक काही मीटरची असू शकते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या निळ्या आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या लाल रेषेतला फरक त्यातच बुडतो. मॉडेल कल्याणच्या खाली नेलंत, तर खाडीची भरती धरा. आणि हो, सगळं लेखी ठेवा.

आता पहिल्याच बैठकीत विचारतो : २००५ आणि २०१९च्या पुरांच्या पाण्याच्या खुणा भिंतींवरून मोजून द्याल का? नाही म्हणाले, तर काम घेत नाही. त्या सल्लागारांकडे माझं शेवटचं बिल अजून अडकलंय.