अंधार आणि ऊन एकाच छायाचित्रात

साताऱ्याजवळच्या पाटेश्वरच्या किंवा सांगली जिल्ह्यातील दंडोबाच्या लेण्यात उभे राहून दाराकडे पाहा. आतल्या काळोख्या भिंती आणि बाहेरचे ऊन दोन्ही डोळ्यांना दिसते. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच साधते. भिंती दिसल्या, की आकाश पांढरेफटक!

मग काय करावे? कॅमेरा तिवईवर पक्का बसवा. १/१०००, १/१२५ व १/१५ सेकंद अशी तीन छायाचित्रे घ्या. दर वेळी प्रकाश सुमारे आठपट वाढेल. कॅमेऱ्याचे छिद्र बदलू नका, नाहीतर स्पष्टतेची खोली बदलेल. पहिल्यातले आकाश व तिसऱ्यातल्या भिंती संगणक जोडून देतो. हेच एचडीआर छायाचित्रण. मध्येच कोणी हलले, तर चित्रात त्याचे भूत उमटेल!

आता सांगा पाहू, पहिल्यापेक्षा तिसऱ्या चित्रात प्रकाश किती पट?