कोकणातलं घर पर्यटकांना देताय? आधी हा हिशेब करा

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या अनेकांचं गावचं घर वर्षातले दहा महिने कुलपात असतं. गणपती आणि मे महिना सोडला तर पडवी ओस. अशा घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात, घराची डागडुजी त्यातून निघावी, हा विचार रास्त आहे. मात्र खोलीच्या भाड्यातलं हातात किती उरतं आणि गावाला किती मिळतं, हे दोन्ही आकडे सुरुवातीलाच मांडायला हवेत. दुसरा आकडा बहुतेक जण मांडतच नाहीत.

आधी आपला हिशेब. खोलीचं एका रात्रीचं भाडं 3,000 रुपये धरू. बुकिंग अ‍ॅपवरून आलं आणि अ‍ॅपचं कमिशन 15 टक्के असलं, तर 450 रुपये तिथेच गेले. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 81. तुमच्या हाती 2,469 रुपये येतात. कमिशनचा दर प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा असतो, म्हणून करार वाचताना हाच आकडा आधी शोधा. पाहुण्याला खोलीच्या भाड्यावर वेगळा जीएसटी पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. म्हणजे पाहुणा 3,150 रुपये मोजतो आणि त्यातले जवळपास 700 रुपये तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतः जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. अ‍ॅपवरच्या बुकिंगचा कर अ‍ॅपच भरतं. पाहुण्यानं थेट तुम्हाला फोन करून खोली घेतली, तर नोंदणी नसलेल्या मालकानं जीएसटी लावायचा नाही. 'जीएसटीसकट' असं सांगून जास्तीचे पैसे घेणारा नोंदणी क्रमांक दाखवत नसेल, तर ते पैसे देऊ नका. अ‍ॅप 0.1 टक्का टीडीएस कापतं. व्यक्तिगत मालकानं पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि अ‍ॅपवरची वर्षाची रक्कम 5 लाखांच्या आत असेल, तर तोही कापला जात नाही.

जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी घ्या. छोट्या व्यावसायिकासाठी तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. एवढ्या स्वस्त कागदासाठी पाहुण्याच्या पोटाची जोखीम घेऊ नये. परदेशी पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याची, तो घरात मराठी बोलणारा असला तरी, आल्यापासून 24 तासांच्या आत 'फॉर्म सी' म्हणून ओळखली जाणारी माहिती ऑनलाइन भरायची असते. त्याला पैसे लागत नाहीत.

भांडवलासाठी दोन वाटा आहेत. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली आहे. राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या आणि तिनं चालवलेल्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. त्याची कमाल मर्यादा साडेचार लाख आहे. घर आईच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल आणि रांधण्यापासून पाहुण्यांचं बघण्यापर्यंत सगळं तीच करत असेल, तर अर्ज तिच्याच नावानं जायला हवा.

आता गावाचा हिशेब. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एकदा जाऊन बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला आलेले लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तिथेच जेवतात. आमटी-भात वाढणाऱ्या घराला कासव जगलं पाहिजे असं मनापासून वाटतं, कारण त्याची मिळकत त्या किनाऱ्याशी बांधलेली आहे. घरगुती निवासाच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

उलट चित्रही आपल्याच किनाऱ्यावर आहे. बाहेरच्या मालकाचा बंगला, पोहण्याचा तलाव, शहरातून भरून आणलेला शिधा आणि किल्ली सांभाळायला एक गडी. असा बंगला एप्रिल-मे महिन्यांत शेजारच्या विहिरीला तळ दाखवतो, रात्री दोनपर्यंत गाणी वाजवतो, आणि सांडपाण्याच्या टाकीचा वास आजूबाजूची घरं सोसतात. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, पण तो होतो आणि शेजारी भरतो.

म्हणून नियम हवेतच, पण दोघांना सारखे नकोत. न्यूयॉर्कनं सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी, यजमानाची घरातली हजेरी आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे अशी अट लावली. बार्सिलोनानं तर पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. तिथे स्थानिकांना भाड्यानं घर मिळेनासं झालं. आपल्या कोकणात बंद घरं मुबलक आहेत, तेव्हा तसली बंदी इथे उपयोगाची नाही. घेण्यासारखी आहे ती मालकाच्या हजेरीची अट. केंद्राच्या होमस्टे योजनेतही एक ते सहा खोल्या आणि त्याच घरात राहणारं मालकाचं कुटुंब असाच निकष आहे. मालक राहतो त्या घराला सोपी नोंदणी आणि घरगुती दरानं वीज-पाणी मिळावं. नोंदणीचं प्रमाणपत्र हाती आलं की महावितरणकडे घरगुती वीजदराची मागणी करा आणि पुढच्या बिलावरचा ग्राहक वर्ग तपासा. मालक नसलेल्या बंगल्याकडून मात्र ग्रामपंचायतीनं पाणी आणि कचऱ्याचे पूर्ण पैसे वसूल करावेत, सांडपाण्याची टाकी तपासल्याशिवाय ना-हरकत देऊ नये. ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणीही गावकरी उभा राहू शकतो.

शहरातल्या सोसायटीतला फ्लॅट रोज नव्या पाहुण्याला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. आधी उपविधी वाचा, समितीची लेखी परवानगी घ्या. मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क मात्र सोसायटीला सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. जिन्यात रोज अनोळखी माणसं भेटणाऱ्या शेजाऱ्यांची तक्रार खोटी नसते, तिच्यासाठी तुमचा फोन रात्रीही चालू हवा.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी: गोव्यात पर्यटन खात्याकडची नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे, क्रमांक विचारून घ्या. कोकणात खोली ठरवताना मालक तिथेच राहतात का आणि जेवण कुणाच्या हातचं, हे विचारा. पैसे शक्यतो यूपीआयनं मालकाच्या खात्यावर द्या आणि पावती मागा. यूपीआयनं मालकाचाही फायदा होतो: अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीनं प्राप्तिकर विवरण भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचा नफा बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के धरतात, रोखीवर 8 टक्के.