रडारचा पडसाद आणि पावसाचें माप

रडारच्या चित्रांत आपल्या गांवावर तांबडा डाग दिसला कीं तेथें धोधो पाऊस पडत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. रडार पाऊस मोजीत नाहीं. तें रेडिओच्या लहरींचा क्षणमात्र झोत आकाशांत सोडतें व थेंबांवर आदळून विखुरलेल्या लहरींचा जो अत्यल्प अंश माघारी येतो, तेवढा मोजतें.

कुलाब्याच्या रडारची लहर सुमारें १० सेंटिमीटर लांब आहे; थेंब फार तर पांचसहा मिलिमीटरांचा. लहरीच्या मानानें थेंब इतका लहान असला म्हणजे त्याचा पडसाद व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. पाणी मात्र तिसऱ्याच घाताच्या. वाचकांनीं स्वतःच हिशेब करून पाहावा. ३ मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाचा पडसाद १ मिलिमीटरच्या ७२९ थेंबांइतका असतो, पण त्यांतील पाणी केवळ २७ थेंबांचें! खऱ्या सरींत लहानमोठे थेंब मिसळलेले असल्यानें फरक इतका टोकास जात नाहीं. कॅनडांत मार्शल व पामर यांनीं १९४८ सालीं थेंबांच्या आकारांची वांटणी सूत्रांत मांडली, आणि पडसादावरून पाऊस काढण्याची रीत तिच्या आधारें रूढ झाली. तथापि ती सरासरीची रीत होय.

बर्फाची गोष्ट निराळी. थेंबाएवढाच बर्फाचा कोरडा कण जेमतेम एकपंचमांश पडसाद देतो. पण तो वितळूं लागून अंगावर पाण्याचा थर चढला कीं पडसाद एकदम वाढतो. गारा तर आकारानेंच मोठ्या. त्यांना पावसाचें सूत्र लाविलें तर भलताच आंकडा निघतो. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट ज्यांच्या द्राक्षबागांवरून व गव्हावरून गेली, त्यांस सर आणि गार यांतला भेद सांगावयास नकोच. नव्या रडारांतून आडव्या व उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतात. मोठा थेंब पडतांना बसका होतो, म्हणून आडवा पडसाद जोरकस येतो. गार गडगडत पडते, म्हणून दोन्ही जवळजवळ सारखे येतात. पडसाद प्रबळ असून दोन्ही सारखे, तर गारेचा संशय घ्यावा.

अंतराचीहि अडचण आहेच. पृथ्वीच्या गोलाईमुळें २०० किलोमीटरांवर खालचा झोतहि सुमारें ४ किलोमीटर उंचावरून जातो. तेथें दिसलेली सर जमिनीवर पोंचेपर्यंत हवेंतच सुकूं शकते. म्हणूनच रडारचे आंकडे पर्जन्यमापकांशीं ताडून दुरुस्त करावे लागतात. ज्यांच्या शिवारांत असें मापक आहे त्यांनीं रोज ठरलेल्या वेळीं त्याची नोंद ठेवावी व रडारच्या चित्राशेजारीं ती मांडून पाहावी.