भुजची धावपट्टी आणि तीनशे बाया

लष्करी विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमानेच येतात. वस्तुतः विमानतळाचे मर्म असते ते त्याच्या धावपट्टीत. विमान कितीही वेगवान असो, पट्टी उखडली की ते नुसते जमिनीवरचे लोखंड. म्हणूनच शत्रू प्रथम पट्टीवर बॉम्ब टाकतो.

वाळवंटी सीमेवर असा तळ का लागतो, हे आधी पाहू. तेथे वस्ती विरळ आणि रस्ते थोडे. एका ठाण्याची कुमक दुसऱ्या ठाण्याला वेळेत पोचत नाही. विमान ते अंतर काही मिनिटांत कापते. शिवाय उघड्या वाळूत रणगाड्याला लपायला झाड नाही, आणि त्याचे माग आकाशातून स्पष्ट दिसतात. १९७१ च्या युद्धात जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवाला येथे हेच घडले. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने त्यांना रात्रभर थोपवून धरले. जैसलमेर तळावरील हंटर विमानांजवळ रात्री लढण्याची साधने नव्हती. उजाडेपर्यंत थांबणे भाग होते. उजाडताच ती उडाली आणि लढाईचे चित्र पालटले.

पण जेथे पट्टीच राहत नाही, तेथे काय करायचे? हा प्रश्न त्याच डिसेंबरात कच्छच्या रणाजवळ, भुजच्या तळावर उभा राहिला. तळाचे प्रमुख होते नागपूरचे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. ८ डिसेंबरच्या बॉम्बहल्ल्यात पट्टी निकामी झाली. दुरुस्तीला माणसे अपुरी होती. तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे स्त्रिया घमेली घेऊन आल्या आणि ७२ तासांत पट्टी पुन्हा उभी राहिली.

हे ७२ तास कसे गेले असतील? भोंगा वाजला की बाया झुडपांत आणि खंदकांत शिरत. दुसरा भोंगा झाला की पुन्हा सिमेंट आणि खडी. वरून दिसू नये म्हणून अंगावर फिकट हिरवी लुगडी. नवी पट्टी शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून ती शेणाने झाकत, आपल्याकडे सणाच्या आदल्या दिवशी अंगण सारवतात तशी! युद्धशास्त्रात याला मोठे नाव असेल. बायांच्या हातांना ते काम ठाऊकच होते. पुढे सरकारने पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, ते गावच्या सार्वजनिक इमारतीसाठी खर्ची पडले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुज उद्ध्वस्त झाले, तेव्हा मदतीची विमाने उतरली तीही याच तळावर.

युद्धाच्या इतिहासात विमानांची नावे, संख्या, वेग सर्व तपशिलाने येते. घमेल्याचा उल्लेख मात्र शोधावा लागतो. मला तो खटकला, याचे कारण घरचे आहे. या युद्धानंतरच्याच वर्षी, १९७२ च्या दुष्काळात, माझी आजी अंबड तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. त्याच रस्त्याने मी कॉलेजला येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा हा लेख प्रथम तिलाच वाचून दाखवला.

रणगाडे, हंटर हे तिने शांतपणे ऐकून घेतले. माधापरच्या बायांना कामावर सुखडी आणि मिरच्या खायला मिळत, असे वाचले तशी तिने मान वर केली.

“सुखडी? आमाला बी सुखडीच व्हती की गं, कामावर.”

मग थोड्या वेळाने विचारले, “अन् लेकरं? लेकरं कुठं ठिवली त्यायनं?”

एकीने आपले दीड वर्षाचे मूल शेजाऱ्यांकडे ठेवले होते, असे मी सांगितले. थोरल्या चुलत्याला आजीने रस्त्याकडेच्या लिंबाला झोळी बांधून ठेवले होते, हे मला त्या दिवशी कळले. दगडाची चिपळी उडून लागू नये म्हणून झोळीचे तोंड ती पदराने बांधून घेई.