नावापुढची अक्षरे



वार्षिकोत्सवाच्या पत्रिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची नावे मागविली की काही नावांपुढे 'सी. ए. (इंटर)', 'एलएल. बी. (द्वितीय वर्ष)', 'पीएच. डी. (चालू)' असे लिहून येते. मुलांनी मेहनत केलेली असते, आई-वडिलांना कौतुक असते. तरीही आम्ही ती अक्षरे छापत नाही. त्याचे कारण आज समजून घेऊ.

नावापुढची अक्षरे ही पूर्ण झालेल्या कामाची खूण असते. सी. ए.चेच पाहा. फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल या तीन परीक्षा, शिवाय आर्टिकलशिप. एवढे करूनही इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचे सदस्यत्व घ्यावेच लागते. १९४९ च्या कायद्याप्रमाणे ही उपाधी फक्त सदस्याची आहे. इतर कोणी ती मिरविली तर तो दंडनीय अपराध ठरतो. वकिलीतही तसेच. एलएल. बी. झालेला विद्यार्थी १९६१ च्या कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदविल्यावरच अ‍ॅडव्होकेट होतो. पीएच. डी.चे काम सुरू असताना नावाआधी 'डॉ.' लावता येत नाही.

कोणी म्हणेल, "कंसात 'इंटर' लिहिले आहे ना, मग खोटे काय?" खोटे नाही, पण वाचणाऱ्याची नजर आधी 'सी. ए.'वर जाते. आयकराची नोटीस हातात घेऊन आलेला घाबरलेला माणूस कंस वाचत बसत नाही. तो त्या दोन अक्षरांवर विश्वास ठेवतो.

ही चूक मीही केली आहे. एम. ए. पूर्वार्धाची अंकसूची हाती येताच घराच्या दारावर पाटी लावली: 'एम. ए.' मोठे, 'पूर्वार्ध' अगदी बारीक. आमचे एक वयोवृद्ध गुरुजी घरी आले, पाटीपाशी थांबले आणि एवढेच विचारले, "उत्तरार्ध केव्हा?" त्याच संध्याकाळी मी पाटी काढली. ती पुन्हा लावायला दोन वर्षे लागली, पण तेव्हा बारीक अक्षरांची गरज उरली नव्हती.

मग अर्धे शिक्षण लपवायचे का? मुळीच नाही. नोकरीच्या अर्जात 'शैक्षणिक योग्यता' या रकान्यात ते स्पष्ट लिहा: 'सी. ए. इंटरमिजिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, मे २०२४. फायनलची तयारी सुरू.' एकच ग्रुप झाला असेल तर एकच लिहा. शिक्षण मध्येच सुटले असेल तर जेवढे झाले तेवढे सांगा. त्यात लाज नाही. आणि बी. कॉम. पूर्ण झाले असेल तर नावापुढे अभिमानाने बी. कॉम. लिहा. अर्ध्या मोठ्या उपाधीपेक्षा पूर्ण झालेली साधी पदवी अधिक शोभते.

गृहपाठ: नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी आपला एका पानाचा परिचय लिहून आणावा. प्रत्येक ओळीसाठी स्वतःला विचारावे, "याचे प्रमाणपत्र मी आज दाखवू शकतो का?"

— प्राचार्य