भोंगा वाजत होता की नव्हता?

पमे, आधी भांडणाचं बोलून घेऊ. तू लिहिलंयस की १८ जानेवारी १९८२ला, सोमवारी, संप सुरू झाला आणि त्या दिवसापासून गिरणीचा भोंगा बंद पडला. मला आठवतं ते वेगळंच. माझ्या आठवणीत भोंगा पुढेही कितीतरी दिवस वाजत होता, फक्त तो ऐकून चाळीच्या जिन्यावरून कुणी खाली उतरत नव्हतं. तू तेव्हा सात वर्षांची, मी चौदाची. एकाच गाळ्यात एकाच गोधडीखाली झोपायचो आपण, आणि बघ, दोघींच्या कानांत दोन वेगळे संप आहेत.

खरं कुणाचं, म्हणून लगेच फोन करू नकोस. त्याकडे येतेच मी. आधी तुझी ती धास्ती. त्या दिवशी म्हणालीस, ‘ताई, माझ्याकडे एवढी एकच आठवण आहे गं, तिच्यावर कादंबरी कशी उभी राहायची?’ ती एक आठवण म्हणजे बाबांचा डबा. पहिल्या पाळीच्या वेळेला बाबांना आपोआप जाग यायची. मोरीत अंघोळ, पँट-शर्ट, भांग. मग खुंटीवरचा ॲल्युमिनियमचा तीनताळी डबा खाली घ्यायचे, एकेक पुडा उघडून कोरड्या फडक्यानं पुसायचे, कडी लावायचे आणि डबा परत खुंटीला. झाकणावर खिळ्यानं कोरलेला त्यांचा तिकीट नंबर, शेवटचा आकडा जरा तिरका गेलेला. हे सगळं तू गोधडीतून बघायचीस. मीही जागीच असायचे, पण माझं लक्ष आईकडे असायचं. डबा मी पाहिलाच नाही, पमे. तुझी पानं वाचली तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ही आठवण पुरेशी आहे. पण ती म्हणजे कादंबरी नव्हे, आणि पहिल्या वीस पानांत तू तिलाच कादंबरी करायला निघाली आहेस. सगळं डब्याभोवती फिरतंय.

भीष्म साहनींचं सांगते. ‘तमस’ तू वाचली नसशील, पण १९८८ साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींनी केलेली मालिका शेजारच्या गाळ्यात दाटीवाटीनं बसून आपण पाहिली होती. साहनी रावळपिंडीचे, जन्म १९१५चा. मार्च १९४७ मध्ये तिथे आणि आसपासच्या खेड्यांत दंगली पेटल्या तेव्हा ते काँग्रेसचं काम करत होते. जळलेली घरं, उजाड गल्ल्या सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. थोहा खालसा गावातल्या शीख बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या त्या याच दंगलीत. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा बघायला म्हणून साहनी दिल्लीला आले, चार दिवसांत परत जायच्या बेतानं, आणि परत जाणं झालंच नाही.

आता गंमत बघ. त्यानंतर हा माणूस मास्तरकी करतो, कथा लिहितो, मॉस्कोत राहून रशियन पुस्तकांचे हिंदी अनुवाद करतो, कादंबऱ्याही लिहितो. आठवण आहे, लेखणी आहे, वेळही आहे. पण त्या दंगलीची कादंबरी काही होत नाही. वीस वर्षं उलटून जातात.

मग येते आपली भिवंडी. मे १९७०ची दंगल. भाऊ बलराज साहनींबरोबर ते तिथे गेले. मागांचं गाव ते. आगीत घरं तर गेलीच, यंत्रमागांचं लोखंडही वितळून गेलं होतं. एरवी ज्या गल्लीत खडखडाटानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे आता ओसाड शांतता. चालता चालता साहनींना स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि त्यांना वाटलं, हा आवाज आपण पूर्वी कुठेतरी ऐकलाय. ही शांतताही ऐकलीय. कुठे, तर रावळपिंडीत. त्यांनी आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले तेव्हा रावळपिंडीचं काँग्रेसचं कार्यालय आणि तिथले सहकारी एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागले. त्यातून झाली ‘तमस’. १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

हे मी वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल, तर त्यांना जागं केलं ते चित्रानं नाही, पावलांच्या आवाजानं. वितळलेले माग त्यांनी पाहिले होतेच की समोर! पण मन मागे गेलं ते कानातून. आणि मागे गेलं ते दुसऱ्याचं दुःख बघताना, स्वतःचं उगाळताना नव्हे. भिवंडी झाली नसती तर रावळपिंडी कदाचित तशीच आत पडून राहिली असती. तुलाही असलं काहीतरी झालंय, मला माहीत आहे. गिरणीच्या जागेवरच्या त्या मॉलमध्ये लेकीबरोबर गेलीस आणि चिमणीपाशी थबकलीस, हे तू पानांत ओझरतं एका ओळीत उरकलंयस. तिथे थांब. काय ऐकलंस तिथे? एसीची घरघर? सरकत्या जिन्याचा आवाज? ते लिहून काढ. कादंबरीत घालायला नाही, तुझं तुला कळायला.

आणि आता माझा खरा मुद्दा. ‘तमस’ सुरू कुठून होते ठाऊक आहे? नत्थूपासून. कातडी कमावणारा, गरीब, रात्रभर एका कोंदट खोलीत डुकराशी झटापट करतोय, कारण मुरादअलीनं हातावर पाच रुपये ठेवलेत. कशासाठी, ते त्याला माहीत नाही. साहनी चांगल्या खात्यापित्या घरातले, शिकलेले, काँग्रेसचे कार्यकर्ते. कार्यालय आणि सहकारी त्यांना हाताच्या तळव्यासारखे माहीत होते, आणि ते पुस्तकात येतातही, पण नंतर. दार उघडतं ते अशा माणसाच्या अंगावर, ज्याच्या घरात लेखक कधी राहिला नव्हता. पुढे कलेक्टर रिचर्डच्या बंगल्यात जातो आपण, त्याला तक्षशिलेच्या जुन्या दगडांचं वेड, बाहेर शहर पेटतंय. लेखक स्वतः मात्र पुस्तकात कुठेही छाती पुढे काढून उभा नाही. शहराचं नावसुद्धा घातलेलं नाही.

म्हणून सांगते, तुझी कादंबरी आपल्या गाळ्यात सुरू व्हायला नको. ती खालच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींकडे सुरू होऊ दे. बायका-पोरं कोकणात, देशावर ठेवून आलेले किती गिरणीवाले त्यांच्याकडे जेवायचे! महिन्याच्या उधारीवर, पगार झाला की हिशेब. संप लागला आणि पगारच बंद. निम्मे जेवणारे गावाला गेले, उरलेले मान खाली घालून जेवायचे. वाण्याचं देणं मावशींच्या डोक्यावर. अशाच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. संपाच्या काळात त्या हप्त्यांचं काय झालं असेल? सभांमधली भाषणं, घोषणा सगळ्यांनी लिहून झाल्या. अडीच लाख कामगार संपावर गेले हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. पण त्यांना रोज जेवायला घालणाऱ्या बाईच्या वहीत कुठली नावं कधी खोडली गेली, हे कोण सांगणार? बाबांचा डबा तिथे येऊ दे, एखाद्या पानावर. कुणाचा तरी डबा म्हणून.

‘पण ताई, हिला ऐतिहासिक म्हणतील का?’ असंही विचारलंयस. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की पगडी, पालखी आणि फितुरी हवीच. ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’ आपण उशाशी घेऊन वाढलो, त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. पण सर वॉल्टर स्कॉटनं १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ काढली, जिच्यापासून हा प्रकार युरोपात रुजला, तिच्या उपशीर्षकातच साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असं म्हटलेलं आहे. त्या गोष्टीतल्या १७४५च्या बंडात लढलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यानं लहानपणी ऐकल्या होत्या. म्हणजे ज्यांनी पाहिलं ते अजून चार-दोन उरलेत आणि ज्यांनी ऐकलं त्यांचे केस पिकायला आलेत, अशा सांध्यावरची ती कादंबरी. आपला संप नेमका तिथे आलाय. शिवाय तो रीतसर मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. इतिहासाला याहून जास्त काय पाहिजे?

आता जरा कडू बोलते. कॉलेजात असताना तू बाबांना तोंडावर म्हणाली होतीस, सगळ्यांच्या नादी लागून घर बुडवलंत. ते काही बोलले नव्हते. आता ते नाहीत, तर तू त्यांना हुतात्मा करून ठेवलंयस. दोन्ही निकाल कादंबरीला घातक.

टॉलस्टॉयचं बघ. १८५१ साली तेविशीतला टॉलस्टॉय तिफलिसला होता. रशियनांशी लढणाऱ्या शामिलचा नामांकित सरदार हाजी मुराद तेव्हाच रशियनांना येऊन मिळाला. भावाला लिहिलेल्या पत्रात पोरगा काय म्हणतो? एवढा शूर माणूस, आणि नीचपणा केला! बस, दोन ओळींत निकाल. मग पंचेचाळीस वर्षं गेली. १८९६च्या उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या शेतातून चालताना त्याला एक काटेरी झुडूप दिसलं, चाकाखाली चिरडलेलं, मातीनं माखलेलं, तरी एक फांदी जिवंत. डायरीत त्यानं नोंद केली की यावरून हाजी मुराद आठवला. त्यावर तो १९०४ पर्यंत खपत होता. पुस्तक छापून आलं १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात तेविशीतला तो निकाल कुठेच नाही. हाजी मुरादला दोन्हीकडून कसं कोंडलं गेलं तेवढं दिसतं, आणि झारही दिसतो, शामिलही दिसतो, दोघे सारखेच.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचंच. ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात हाजी मुराद शेवटी राहिला होता, त्याची विधवा अजून हयात होती. सत्तरी ओलांडलेल्या, जगप्रसिद्ध टॉलस्टॉयनं तिला पत्र लिहून विचारलं, पळून जायला निघाला ते घोडे त्याचे स्वतःचे होते की दिलेले? कुठल्या रंगाचे? लंगडत होता तो, ते जाणवायचं का? बाईला त्यानं हाजी मुरादचा स्वभाव विचारला नाही, की तुम्हाला त्या वेळी काय वाटलं असंही नाही. घोड्याचा रंग विचारला.

तर तूही तसंच कर. ‘संपाबद्दल सांगा ना’ म्हणून कुणाकडे जाऊ नकोस. तसं विचारलं की माणसं भाषण द्यायला लागतात, नाहीतर डोळ्यांना पदर लावतात. मावशींच्या सुनेला विचार, चपात्यांचं पीठ कुठल्या गिरणीतून यायचं आणि त्या वर्षी किती कमी झालं. साचा खात्यातल्या, कापड विणणाऱ्या काकांना विचार, त्रासन खात्यातली सूत कातणारी पोरं त्यांच्यात मिसळायची का, कायम नसलेल्या बदलीवाल्याला संपाच्या सभेत पुढे बसू द्यायचे का. १८ ऑगस्टला पोलिसांचंच बंड झालं आणि मुंबईत लष्कर आलं, त्या दिवशी दूध आलं होतं का? १९८१च्या दिवाळीच्या बोनसवरून पेटलेलं हे प्रकरण, तर त्या दिवाळीला घरात नवीन काय घेतलं होतं? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून गोळा केलेल्या हकिकतींचं पुस्तक आहे, ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’, ते आधी वाच. मग दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून त्या वर्षाची वर्तमानपत्रं मागव. बातम्या चाळ, पण जाहिराती आणि हरवल्याच्या सूचना जास्त लक्ष देऊन बघ.

आणि भोंग्याचं. कागदावर कुठे सापडलं तर बरंच. नाही सापडलं तर दोन्ही ठेव. तुझ्या कादंबरीत धाकटीला तो ऐकू येऊ नये आणि थोरलीला यावा. वयात आलेल्या पोरीला बाहेरचं सगळं ऐकू येतं, सात वर्षांची आपल्या बापाकडे बघत असते, तिला कशाला भोंगा ऐकू येईल? तुला वाटत होतं ही चूक दुरुस्त करावी लागेल. उलट आहे, पमे. बाबांबद्दल एक अक्षर न लिहिता बाबांचं सगळं सांगायची जागा तुला तिथे मिळाली आहे.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस इतक्यात. ती मध्येच सुधारत बसेल. पण तिला एकदा विचार की बाबांच्या डब्यावर नंबर कोरला कुणी. माझी खात्री आहे, तिरका आकडा तिच्याच हातचा आहे, पण ती माझ्याजवळ कबूल करणार नाही. तुझ्याजवळ करेल. तू धाकटी आहेस.